डोहाकाठची हजेरी

भाजलेल्या पेंडीचा वास आधी येतो आणि हणमंतू मागून येतो. शेंगदाण्याची पेंड, तिच्यात चिमूटभर मेथी, थोडा काळा गूळ, आणि या सगळ्यावर उन्हाने तापलेल्या नदीच्या गाळाचा एक जुना, आंबूस, तरीही नकोसा न वाटणारा गंध. वैशाखात मांजरा नदीच्या काठावर हा वास नाकाशी आला की समजावं, जवळपास कुठेतरी, एखाद्या बाभळीच्या विरळ सावलीत, गुडघे छातीशी घेऊन तो बसलेला आहे. त्याच्या अंगाला हा वास कायमचा चिकटलेला आहे. माझ्या नवऱ्याच्या सदऱ्यांना चिकटून तो दर उन्हाळ्यात आमच्या घरी यायचा, आणि मी ते सदरे बाकीच्या कपड्यांत न मिसळता वेगळे भिजवायची. म्हणजे हणमंतूची नि माझी पहिली ओळख बादलीत झाली, असं म्हणायला हरकत नाही.

तो दिसतो कसा हे सांगणं सोपं आहे, आणि त्याचा फारसा उपयोग नाही. सडपातळ, काळासावळा, नडग्यांवर सुकलेल्या गाळाची पांढुरकी पुटं, डोक्याला एकेकाळी लाल असलेला रुमाल. खरा हणमंतू त्याच्या हालचालींत आहे. पाण्यापाशी गेल्यावर तो सर्वप्रथम वाकतो आणि हाताची पालथी बाजू पाण्याला लावतो, तापल्या लेकराच्या कपाळाला लावावी तशी; क्षणभर थांबतो, आणि मगच, मासळी आज वर आहे की तळाशी, याविषयी काहीतरी पुटपुटतो. त्याचा आवाज रस्त्यावर खणखणीत असतो, काठाकडे येता येता उतरत जातो, आणि पाण्याशी पोचेतो जेमतेम ओठांबाहेर पडतो. चालताना टाच टेकवत नाही. ग्रीष्मातल्या पाण्यावरचा लखलखाट आयुष्यभर पाहिल्यामुळे त्याचे डोळे सदैव अर्धे मिटलेले असतात, आणि उरलेल्या अर्ध्या डोळ्यांनी तो माणसांकडेही त्याच सवयीने पाहतो, म्हणजे थेट न पाहता, जरा बाजूला.

बिलोलीच्या अलीकडे, मांजरा जिथे महाराष्ट्राचा हात सोडायच्या बेतात असते आणि पलीकडच्या काठावरच्या भोंग्यातून तेलुगू ऐकू येतं, तिथल्या एका गावात तो राहतो. पावसाळ्यात जाळी विणतो, हिवाळ्यात दुसऱ्याच्या हरभऱ्यात मजुरीला जातो, आणि उन्हाळा लागून नदीची सलग धार तुटली, तिचे वेगवेगळे डोह झाले, की तो हणमंतू होतो. नांदेडहून, निजामाबादहून गळाचे शौकीन लोक येतात. त्यांना डोहावर नेणं, बसायची जागा दाखवणं, चारा कालवून देणं हे त्याचं काम. हैदराबादच्या कुणा पाहुण्याने एकदा चारचौघांत त्याला ‘गाईड’ म्हटलं, आणि तेव्हापासून गाव त्याला त्याच नावाने चिडवतं. ‘काय गाईड, आज कुणाला चारमिनार दाखवायलास?’ असं पारावरून कुणी विचारलं की तो हसतो आणि टाच न टेकवता पुढे निघून जातो.

सुभाष, माझा नवरा, दर उन्हाळ्यात त्याच्याकडे जायचा. आम्ही दोघंही लातूरला शिक्षक. तो हायस्कुलात गणित शिकवायचा, मी प्राथमिकला. निकालाचं काम आटोपत आलं की त्याचा हणमंतूला फोन जाई, ‘चारा सुरू कर.’ बास, इतकंच. मी म्हणायची, मासे काय गंजगोलाईच्या बाजारात मिळत नाहीत? उदगीर, देगलूर करत एवढी एसटीची हाडं खिळखिळी करणारी वाट कशाला तुडवायची? त्यावर त्याचं ठरलेलं उत्तर असे, की आपल्या नळाला येतं ते पाणी मांजरेचं. ती पुढे जाते कुठे, तिचं तिकडे बरं चाललंय ना, हे वर्षातून एकदा बघून यायला नको का? लेक सासरी दिलेल्या बापासारखा तो पिशवी भरायचा. मी डब्याला दशम्या करून द्यायची आणि गेला की दोन-चार दिवस घर शांत आहे म्हणून मनातून खूश असायची.

चाऱ्याची रीत त्याच्याच तोंडून ऐकलेली. गळ टाकायच्या कितीतरी आधीपासून हणमंतू रोज सकाळी त्याच खडकावर जातो, पत्र्याच्या डब्यावर बाभळीच्या काटकीने ठक् ठक् वाजवतो, ‘रा... रा...’ असं तेलुगूत हळू बोलावतो आणि पेंडीचे गोळे पाण्यात सोडतो. मासळी मराठीत बोलावली तर येत नाही का, असं सुभाषने त्याला विचारलं होतं. ‘येती की,’ हणमंतू म्हणाला म्हणे, ‘पर तेलुगूत बोलावलं की लाजत न्हाई.’ असे दिवस जाता जाता मासळी त्या आवाजाला बांधली जाते. मग पेंड पडायच्या आधीच ती वर आलेली असते, आणि नुसत्या आवाजावर पाणी हलायला लागतं. याला तो ‘चारा लागला’ म्हणतो.

असा एक जुना डबा हणमंतूने सुभाषला देऊन टाकला होता, तळाशी गंज धरलेला. सुभाषने त्यात आपले गळ, दोऱ्या, शिशाचे मणी ठेवले आणि तो डबा आमच्या ओसरीत, त्याच्या खुर्चीच्या डाव्या हाताला, कायमचा बसला. संध्याकाळी वर्तमानपत्र वाचता वाचता सुभाष न बघता हात खाली न्यायचा आणि बोटाच्या पेराने डब्यावर वाजवायचा, ठक् ठक्. म्हणजे चहा. मी आतून म्हणायची, ‘मी काय मासोळी आहे का रे?’ आणि उठायची. पंचवीसेक वर्षं उठले असेन. एक दिवसही असा गेला नाही की मी बोलले नाही, आणि एक दिवसही असा गेला नाही की उठले नाही.

आता राहिली हजेरी. हा शब्दही सुभाषचाच, मास्तराचा. हणमंतूकडे नाव नाही, नुसती रीत आहे, बापापासून चालत आलेली. वर्षाने भेटलेली माणसं काठावर बसली, की गळ पाण्यात पडायच्या आधी एकाने आपल्याकडचं सांगायचं, कोण आहे, कोण गेलं. मग दुसऱ्याने आपल्याकडचं. माणसं, जनावरं, झाडं, डोहातले ओळखीचे मासे, सगळे त्यात येतात. पाण्याला ऐकू जाईल इतपत आवाजात सांगायचं. काही पोटात ठेवून गळ टाकला तर पाणीही मग हातचं राखून ठेवतं, असं हणमंतूच्या बापाचं म्हणणं होतं. सुभाष परत आला की ती हजेरी मला ऐकवायचा. हणमंतूची म्हैस गेली. काठावरचं जांभूळ वाळूच्या टिप्परने पाडलं. ओठ फाटलेला म्हातारा कटला मासा, ज्याचं नाव फाटक्या, तो अजून आहे. ‘आणि तू काय सांगितलंस?’ असं मी विचारलं की म्हणायचा, ‘आई गेली ते सांगितलं. तुझे गुडघे गेले तेही सांगितलं.’

कार्तिकात एका दुपारी सुभाष शाळेतून आला, चप्पल काढायला वाकला आणि उठला नाही.

तेव्हापासून मला काही वाटेनासं झालं. तक्रार म्हणून सांगत नाही. आहे ते सांगते. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल जसा असतो, आपलाच असतो, हात लावला तर हाताला लागतो पण गालाला काही लागत नाही, तशी मी होते. त्याच्या जलदानविधीच्या दिवशी पांढरी साडी नेसून बसले, सांगितलं तेव्हा तांब्या उचलला, वाटी भरून पाणी ताटात सांडेपर्यंत ओतलं, आणि सगळा वेळ माझं लक्ष ताटाच्या पोचा आलेल्या कडेकडे होतं. लेक म्हणायची, ‘आई, एकदा रड गं.’ मी म्हणायची, रडते, आधी कुकर होऊ दे. शाळेत जात होते, पाढे घेत होते, नळाला पाणी आलं की पिंपं भरत होते. वाट्याला आलेली कामं हातून बिनचूक होत होती, आणि त्या हातांचा माझ्याशी फारसा संबंध उरला नव्हता.

लोकांना कळवताना मी ‘निधन’ हा शब्द वापरला. बरा शब्द आहे. कोरडा आहे, लेखी आहे, उच्चारताना घशाला कुठे अडकत नाही. ज्यांनी विचारलं त्या सगळ्यांना मी तोच दिला. ‘सुभाष गेला’ हे साधे दोन शब्द मात्र माझ्या तोंडून एकदाही निघाले नाहीत. रात्री-अपरात्री नव्हे, भर दिवसा, स्वयंपाकघरात एकटीने म्हणून पाहिले. ओठ हलले, आवाज आला नाही. मग तो नाद सोडला. त्याचा मोबाइल तेवढा रोज चार्ज करत राहिले. का, ते मला विचारू नये.

बुद्धपौर्णिमा होऊन गेल्यावर एका सकाळी तो मोबाइल वाजला.

‘साहेब, यंदा फोन न्हाई तुमचा,’ पलीकडून हणमंतूचा रस्त्यावरचा, खणखणीत आवाज. ‘म्या म्हणलं, निकालाच्या गडबडीत इसरले असतील. म्हणून माझ्या मनानंच चारा सुरू केला. लागलाय आता. कवा यायलाव?’

कळवायच्या माणसांत हणमंतू कुणालाच आठवला नव्हता. मांजरेच्या त्या टोकाला, माझ्या ध्यानात आलं, सुभाष अजून आहे. त्याच्या नावाने रोज सकाळी पाण्यात पेंड पडते आहे, आणि ती खायला मासे जमताहेत. मी ‘निधन’ म्हणायला तोंड उघडलं आणि लाज वाटली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं, ते हे.

‘हणमंतू, मी बोलते.’

‘बाई व्हय? सायबाला सांगा, फाटक्या हाय अजून.’

‘येते,’ मी म्हणाले आणि फोन ठेवला. येते म्हणजे काय करणार, हे मला ठाऊक होतं. हजेरी होणार. आधी त्याची, मग माझी.

देगलूरच्या पुढे दोन्ही बाजूंची रानं नांगरून उघडी पडली होती, आणि त्या काळ्या ढेकळांवर उतरलेलं ऊन पिवळं नव्हतं, पांढरं होतं. डोळ्यांना ते सहन व्हायचं नाही, पण माझ्या डोळ्यांचं काही बिघडत नव्हतं. मांडीवर पिशवी, पिशवीत सुभाषचा डबा. गळ, दोऱ्या, शिशाचे मणी, सगळं जसं होतं तसं. ते हणमंतूला देऊन टाकायचं ठरवून निघाले होते. फाट्यावर उतरले तर लिंबाखाली तो उभा. सुभाषसोबत पूर्वी एकदा आले होते, तेव्हा दिवसभर डोक्यावर पदर घेऊन कंटाळत बसले होते, तेवढीच आमची प्रत्यक्ष ओळख. तरी त्याने लगेच हात जोडले. मग माझ्या मागे, एसटीच्या दाराकडे पाहिलं. कंडक्टरने घंटी मारली, दार लागलं, गाडी धुरळा उडवत गेली, आणि हणमंतू धुरळा बसेपर्यंत तिकडेच पाहत राहिला. पिशवीतून वर आलेला डबा त्याला दिसला असावा. तो पुढे झाला. माझ्या हातातली पिशवी घेतली, डबा आत नीट दडपला, आणि टाच न टेकवता चालायला लागला.

डोह आटून आला होता. उतारावर जिथवर पाणी होतं तिथवरच्या खुणा, एकीखाली एक, कोरड्या चिखलात उमटलेल्या होत्या, आणि अगदी तळाशी, खडकांच्या कवेत, हिरवट, जड, न हलणारं पाणी पडून होतं. बाभळीच्या सावलीत एक बसका दगड. त्यावर त्याने सकाळीच पाणी मारून ठेवलं असावं, कारण आजूबाजूच्या तापल्या खडकांत तो एकटाच काळा, ओलसर, थंड होता. बाजूला धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली सुभाषची गळाची काठी. ती वर्षभर हणमंतूच्याच घरी असते. सुभाषची जागा ही. मला तिथे बसवून हणमंतू खाली उतरला, वाकला, हाताची पालथी बाजू पाण्याला लावून थांबला. त्याचा नवा डबा जाड पत्र्याचा होता, त्याचा आवाज भरीव, बुजका. तो वाजला तेव्हा मला काहीच झालं नाही. पाण्याला मात्र झालं. ‘रा... रा...’ म्हणायच्या आत खालून सावल्या वर सरकल्या, आणि सगळा पृष्ठभाग उघडमीट करणाऱ्या गोल तोंडांनी भरून गेला. एक तोंड वाकडं होतं, वरचा ओठ मधोमध चिरलेलं. हणमंतूने माझ्याकडे न बघता तिकडे बोट केलं.

मग तो वर आला, माझ्यापासून जरा बाजूला, पाण्याकडे तोंड करून बसला, आणि त्याने आपली हजेरी सुरू केली. मी ती सुभाषच्या तोंडून कैक वेळा ऐकली होती. मूळ आवाजात ऐकताना कळलं, की सुभाष त्यात मीठमसाला घालायचा. हणमंतूचं बोलणं सपाट होतं, माझ्या पाढ्यांसारखं. थोरली बहीण गेली, पलीकडच्या गावात, तापानं. तिची सून चांगली हाय. कुत्री व्याली, पिल्लं हायेत, एक न्हाई. वरचा लिंब वाळला, पर पाडला न्हाई. मरळीची जोडी होती खडकाखाली, जाळीवाले घेऊन गेले. फाटक्या हाय. प्रत्येक नावानंतर तो थोडा थांबायचा, आणि त्या थांबण्यात पाणी काठाला हळूच लागल्याचा आवाज ऐकू यायचा. मध्येच तो मान वळवून फाट्याकडच्या वाटेवर एक नजर टाकायचा. दुपारची एसटी अजून यायची होती.

‘माझ्याकडचं झालं,’ तो म्हणाला. ‘तुमच्याकडचं?’

मी पाण्याकडे पाहत बसले. शेजारची म्हातारी गेली, ती सांगावी का, असं मनात आलं. शाळेतला गुलमोहर. बँकेच्या गल्लीतला चांभार, तो आहे. दुसऱ्यांची नावं किती पटापट आठवत होती. हणमंतूने घाई केली नाही. डोहावरचं ऊन त्याच्या अर्ध्या मिटल्या डोळ्यांच्या कडांवर पडून थरथरत होतं, आणि तो माझ्या उत्तराची वाट बघत नव्हता, फक्त ते येईल तेव्हा तिथे असावं म्हणून बसला होता.

‘सुभाष गेला,’ मी म्हणाले.

आवाज निघाला, आणि तो माझाच होता. हळू निघाला, पण पाण्याला ऐकू जावा इतका निघाला.

‘कवा?’

‘कार्तिकात.’

पाण्याकडेच बघत तो म्हणाला, ‘डबा तुमच्या हातात दिसला तवाच शंका आली. सायबानं त्यो कधी कुणाला धरू दिला न्हाई. पर म्हणलं, आपण होऊन इचारायचं न्हाई. हजेरीत यील.’ मग, पाण्याला सांगावं तसं, ‘म्हंजी म्या गेलेल्या माणसासाठी चारा टाकायलो.’

त्याने डोक्याचा रुमाल सोडला, तोंडावर धरला आणि तो रडला. आवाज न करता, पण मनापासून, खांदे हलवून. माझ्या नवऱ्यासाठी कुणीतरी इतकं सरळ, इतकं सोपं रडत होतं, आणि मी त्याच्या शेजारी, त्याने थंड करून ठेवलेल्या दगडावर, कोरड्या डोळ्यांनी बसले होते. मला त्याचा हेवा वाटला. खोटं कशाला बोलू, रागही आला. इतके महिने मी जे करू शकले नव्हते ते हा माणूस क्षणात करून मोकळा झाला, आणि मग रुमाल पाण्यात बुडवून, पिळून, परत डोक्याला बांधला.

‘आज गळ न्हाई टाकायचा,’ तो उठत म्हणाला. ‘सुतक हाय. आणि बोलावून आणलेत त्यांना. पर उपाशी तरी कसं लावून द्यावं? सायबाच्या नावानं जमलेत. उरलेला चारा तुमच्या हातानं घाला, बाई.’

मी गुडघे धरत उतरले. पेंड टोपल्यात होती, ओली, उबदार, दाणेदार. तिच्यात मनगटापर्यंत हात घातला आणि गोळे सोडत राहिले. मासे इतके जवळ आले की त्यांची थंड, दात नसलेली तोंडं बोटांना लागत होती, ओढत होती, सोडत होती. फाटक्याही आला. त्याच्या चिरलेल्या ओठातून पेंड अर्धी सांडत होती, आणि ती खायला बारकी पिल्लं त्याच्या गालाशी लागून पोहत होती. जलदानाच्या दिवशी पाणी ओततानाचा हात कुणाचा होता ते मला सांगता येत नाही. पेंड घालणारा हा हात माझा होता, एवढं कळत होतं. टोपलं रिकामं झालं तरी मासे हटेनात.

‘आवाज बंद झाल्यावरही किती दिवस येत राहतील हे?’ मी विचारलं.

हणमंतूने विचार केला. ‘पाणी येईस्तवर. रोज टायमाला वर येतेत, बघतेत, जातेत. नवं पाणी आलं, डोह भरला, की मग इसरतेत.’

‘सगळे?’

‘मासोळीच हाय ती, बाई.’

ऊन डोक्यावर आलं. हात धुऊनही पेंडीचा वास गेला नाही, तसाच तो पदराला पुसून मी परत दगडावर येऊन बसले. हणमंतूच्या घरून त्याच्या बायकोने पाठवलेली भाकरी आणि चटणी होती. त्याने ती माझ्यासमोर ठेवली, स्वतः पाण्याच्या कडेला गेला आणि पाठ करून बसला. ठरवल्याप्रमाणे मी सुभाषचा डबा त्याला दिला होता. तो एकेक वस्तू काढून धोतराच्या फडक्यावर मांडत होता, गळ, दोऱ्या, शिशाचे मणी, आणि प्रत्येक वस्तू ठेवताना बोटांनी जरा चाचपत होता. मी भाकरीचा तुकडा मोडला. दूर कुठेतरी वाळूचं टिप्पर घरघरत होतं, मांजरेवर वारा नव्हता, आणि मी कसलाही विचार करत नव्हते. डबा रिकामा झाल्यावर तळाचा गंज काढायला हणमंतूने तो उपडा केला आणि खडकावर आपटला.

ठक् ठक्.

मी उठले. हातातली भाकरी खाली ठेवून, गुडघ्यावर तळवा टेकून, रोजच्यासारखी, आणि रोजच्यासारख्याच वैतागलेल्या आवाजात मोठ्याने म्हणाले, ‘ठेवते, ठेवते चहा. दम धर की जरा.’

म्हणून झालं, आणि मी उभी. समोर चूल नाही, ओटा नाही; डोह, आणि त्या आवाजाने पुन्हा वर आलेली, काही न मिळाल्याने उघडमीट करत राहिलेली ती तोंडं. हणमंतूने डबा तसाच, हवेत, धरून ठेवला होता. वळून त्याने पाहिलं, नेहमीप्रमाणे थेट नाही, जरा बाजूला. मग डबा अलगद मांडीवर घेतला आणि आत पुन्हा काहीही वाजू नये म्हणून त्यात आपल्या डोक्याचा रुमाल भरला. दाताची सुई उतरायला लागली की आधी गालाला मुंग्या येतात, दुखायला नंतर लागतं. मला मुंग्या आल्या. मी खाली बसले आणि माझ्या लक्षात आलं, की सुभाषचा तो डबा आता मला परत हवा आहे. त्याने न मागता सगळं पूर्वीसारखं भरून दिलं, आणि रुमाल मात्र आतून काढला नाही.

तो डबा ओसरीत जागच्या जागी आहे. त्याला कुणी हात लावत नाही, आणि तरी संध्याकाळी, वर्तमानपत्राच्या वेळेला, माझे कान दाराकडे लागतात, मी उठते, बघते, परत येते. नवं पाणी आलं की मासे विसरतात, असं हणमंतू सांगतो. आमच्या लातुरात पाणी फार उशिरा येतं, आणि यंदा त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.